घरी बांधलेल्या विमानाला प्रोपेलर निवडताना: माझा अनुभव

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये मी आणि माझा मित्र मिळून झेनिथ सीएच ७०१ हे दोन माणसांचं विमान नकाशांवरून बांधतोय. ॲल्युमिनियमचा पत्रा कापणं, वाकवणं, रिव्हेट मारणं ही कामं कोल्हापुरात अवघड नाहीत, हाताला हात मिळतात. रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन बसलं, आणि मग प्रोपेलरचा, म्हणजे पुढच्या पंख्याचा, विषय निघाला. जो तो विचारायचा, "कुठल्या कंपनीचा घेताय?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी इंजिन, मग विमानाचा वेग, मग आपण उडणार ती हवा.

हे इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती देतं, तीही फक्त पाच मिनिटं. सलग चालवायचं तर ५५०० पर्यंत. पुढच्या गिअरबॉक्सचं गुणोत्तर २.४३, म्हणजे इंजिन ५८०० वर असताना प्रोपेलर मिनिटाला साधारण २३८७ फेरे मारतो. ७० इंची प्रोपेलर धरला तर पात्याचं टोक ताशी ८०० किलोमीटरने फिरतं. आवाजाच्या वेगापासून हे बरंच खाली आहे, म्हणून एवढा व्यास चालतो. गिअरबॉक्स नसलेल्या, थेट ३३०० फेऱ्यांवर फिरवणाऱ्या इंजिनाला हाच व्यास जड गेला असता.

पिचचा, म्हणजे पात्याच्या तिरकेपणाचा, हिशेब आम्ही कागदावर मांडला. ७०१ हे सावकाश उडणारं विमान, ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. इंजिन ५२०० वर ठेवलं तर प्रोपेलरच्या एका फेऱ्यात विमान जवळजवळ एक मीटर पुढं जातं. मध्यापासून ७५ टक्के अंतरावर पातं त्याच फेऱ्यात ४.१९ मीटरचं वर्तुळ कापतं. त्यातून कोन निघतो साडेतेरा अंश. पात्याला हवा ढकलायला आणखी तीन-चार अंश हवेत, म्हणजे सुरुवात १७ अंशांपासून. हा कागद अजून शेडच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

आता कोल्हापूरची हवा. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. मे महिन्यात दुपारी पारा ३६ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते ५००० फुटांवर उभं असतं. शंभरातले पंधराएक घोडे तिथंच गेले. आणि धावपट्टी संपली की पुढं काय? ऊस. बारा फूट उंच फडात इंजिन बंद पडलेलं विमान उतरवायची कल्पनाच नको. म्हणून आम्ही ठरवलं, ताशी आठ-दहा किलोमीटर कमी मिळाले तरी चालतील, पण चढाई जोरात हवी. करूळ घाट चढताना ट्रकवाला गिअर खाली आणतो, तसंच कमी पिच आणि मोठा व्यास. उडता उडता पिच बदलणारा प्रोपेलर वेग आणि चढाई दोन्ही देतो खरा, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. अमेरिकेच्या २००४ च्या लाइट स्पोर्ट, म्हणजे हलक्या विमानांच्या, नियमात तर असल्या विमानाला तो चालतच नव्हता. आम्ही जमिनीवर पिच लावता येईल असा, तीन पात्यांचा कार्बनचा घेतला. दोन पात्यांचा थोडा जास्त कार्यक्षम असतो, पण तो ७२ इंचांवर जातो आणि खडीच्या जमिनीजवळ येतो. मला ते अंतर महत्त्वाचं वाटलं.

लाकडी प्रोपेलरचा विचार मात्र बराच काळ डोक्यात होता. फाउंड्र्यांमुळं इथं ओतकामाचे लाकडी पॅटर्न घडवणारे कसबी लोक आहेत. उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडं ड्रॉइंग घेऊन गेलो. त्यांनी पात्याचा छेद बघितला, अंगठा कागदावरून फिरवला आणि म्हणाले, "आकार देतो की मी, त्यात काय. पण फिरताना फाटणार नाही ह्याची जबाबदारी कोण घेणार? लाकूड कुठलं, डिंक कुठला, रेषा कशी गेलीय, हे तपासायला माझ्याकडं काय आहे?" मी तिथंच हिशेब करून दाखवला. एक किलोचं पातं, त्याचं वजन मध्यापासून ३० सेंटीमीटरवर धरलं, तर पूर्ण फेऱ्यांना मुळाशी १९०० किलोची ओढ बसते. मिस्त्रींनी चहा मागवला आणि विषय संपवला. शिवाय आमचा पावसाळा. लाकूड ओल पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि हबचे, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या भागाचे, बोल्ट तेवढेच सैल पडतात. लाकडी प्रोपेलर वापरणाऱ्यांना दर ऋतूत बोल्टांचा टॉर्क, म्हणजे घट्टपणा, तपासावाच लागतो.

कार्बनचा आला तेव्हा सगळ्यात आधी त्याचं जडत्व मोजलं, म्हणजे तो फिरवायला आणि थांबवायला किती जड आहे ते. ह्या गिअरबॉक्सला ६००० किलोग्रॅम-चौरस सेंटीमीटरची मर्यादा आहे. प्रोपेलर दोन समांतर दोऱ्यांवर आडवा टांगायचा, हलकासा पिळ द्यायचा आणि झोके मोजायचे. वजन, दोऱ्यांची लांबी, त्यांच्यातलं अंतर आणि एका झोक्याचा वेळ, एवढ्यावर आकडा निघतो. आमचा मर्यादेच्या बराच आत आला. ज्यांना घाई असते ते ही पायरी गाळतात. गिअरबॉक्सची किंमत बघता गाळू नये.

पिच लावायला डिजिटल लेव्हल वापरली. तिन्ही पाती त्याच ७५ टक्क्यांच्या खुणेवर, दशांश अंशापर्यंत सारखी. टोकाशी काठी रोवून एकेक पातं फिरवून बघितलं, तिन्ही टोकं ३ मिलिमीटरच्या आत एका रेषेत. मग आवार झाडून खडे वेचले, पाणी मारलं, आणि विमान ट्रॅक्टरला पट्ट्यांनी बांधलं. मधे भंगारवाल्यांकडं असतो तसला लटकवायचा इलेक्ट्रॉनिक काटा अडकवला.

१७ अंशांवर पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर देऊन, इंजिन ५२०० च्या खाली राहिलं. रोटॅक्स स्पष्ट सांगतं, पूर्ण थ्रॉटल देऊन ५२०० च्या खाली चालवू नका. अर्धा-अर्धा अंश कमी करत ५४०० च्या जवळ आलो. इथं एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. गार सकाळी काट्यावर १९५ किलोची ओढ होती, कडक दुपारी १८५, पण फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर दोन्ही वेळी जवळजवळ तेच दाखवत होता. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते आणि पात्यावरचा भारही तेवढाच घटतो. नुसत्या फेऱ्या बघून दुपारी उडायचं ठरवणाऱ्याला ओढ कमी झालीय हे कळणारच नाही. वजनकाटा ज्यांना मिळेल त्यांनी जरूर लावावा.

हवेत वेग आल्यावर फेऱ्या वाढतात, म्हणून ५८०० च्या आत जागा ठेवलीय. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, कागदपत्रं चालू आहेत. परवानगी आली की सरळ उडताना पूर्ण थ्रॉटलचा आकडा बघून पिच पक्का करू, आणि तोवर प्रत्येक चाचणीनंतर हबचे बोल्ट टॉर्क रेंचने बघणं चालूच आहे.