चोर्ला घाटात दमणारी टॅक्सी

"एसी लावला की गाडी पेट्रोल पिते." साखळीत गाड्यांच्या एसीचं काम करताना हे वाक्य रोज कानावर पडतं, आणि ते खरंच आहे. पण पिण्यालाही एक माप असतं. ते सुटलं तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. मे महिन्यात आलेल्या एका टॅक्सीत हे फार स्पष्ट दिसलं.

गाडीवाले काका डिचोलीचे. टॅक्सीवर उभं आयुष्य गेलेलं. गाडी १२०० सीसीची, पेट्रोलवरची. बेळगावचं भाडं घेऊन चोर्ला घाट चढताना ती दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकायची. एसी बंद केला की लगेच ओढायची. मग मागची माणसं घामाने निथळायची आणि उतरताना चार शब्द सुनावून जायची. ॲव्हरेज लिटरला ११ वर आलेलं. प्लग बदलून झाले होते, इंजेक्टर धुऊन झाले होते, आता एका गॅरेजने क्लचप्लेट काढायला सांगितली होती. काका म्हणाले, "तो खर्च करायच्या आधी एकदा तू बघ रे बाबा. एसी बंद केल्यावर ओढते, मग क्लचप्लेट कशी गेली असेल?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. छोट्या गाडीत तो साधारण ३ ते ४ अश्वशक्ती खातो. कंपनीच्या कागदावर इंजिन ८० अश्वशक्तीचं असतं, म्हणून हा आकडा किरकोळ वाटतो. पण ती ८० इंजिनाच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांवरची. घाटाच्या वळणावर इंजिन २००० फेऱ्यांवर असतं, तेव्हा त्याच्या हातात जेमतेम २५ अश्वशक्ती असते. त्यातल्या ४ गेल्या तर जाणवणारच. कॉम्प्रेसर आजारी असल्यासारखा ६ खायला लागला तर गाडी चढणार कशी?

आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट असते, दमट हवा. इथला एसी नुसती हवा गार करत नाही, हवेतलं पाणीही काढतो. उभ्या गाडीखाली थेंब थेंब पाणी साचतं ते हेच. हवेतल्या वाफेचं असं पाणी करायलाच कॉम्प्रेसरची बरीच ताकद जाते. म्हणून पारा ३४ वर असला तरी इथल्या एसीला कोरड्या मुलखातल्यापेक्षा जास्त राबावं लागतं, आणि आत ओढलेली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर स्वच्छ नसेल तर सगळा भार इंजिनावर येतो.

एसीच्या गॅसचा दाब मोजायचे गेज लावले. १५०० फेऱ्यांवर हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या बाजूला, २२०-२३० पीएसआय दाब दिसायला हवा, तिथे काटा ३४० च्या पुढे. लो साइड, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसची बाजू, तीही चढून ५५ वर. म्हणजे गॅस जास्त, आणि उष्णता बाहेर पडत नाही.

"पंखा चालू आहे, बघितलाय मी," काका म्हणाले. कंडेन्सरमधून हवा ओढणारा तो पंखा फिरत होताच. पण मी एक साधा कागद जाळीपुढे, कंडेन्सरजवळ धरला. पंखा धडधाकट असेल तर कागद ओढला जाऊन चिकटून राहतो. हा सरळ खाली पडला. इंजिन बंद करून पंखा बोटाने फिरवला तर घरघरत अर्धा फेरा मारून थांबला. बेअरिंग जाम. हायवेवर समोरून वारा येतो म्हणून तिथे हे कळत नाही. घाटात आणि म्हापशाच्या गर्दीत गाडीला वेगच नसतो, तिथे सगळं पंख्यावर असतं.

बंपर काढला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत तांबड्या मातीचा थर बसला होता, कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या दिसतच नव्हत्या. चिरेखाणी आणि ट्रकांच्या वाटेवर रोज फिरणाऱ्या गाडीत दुसरं काय असणार? जोराच्या फवाऱ्याने त्या नाजूक पट्ट्या दबतात, म्हणून साध्या नळीने, मागच्या बाजूने पुढे असं धूत राहिलो. कितीतरी वेळ पाणी लालच येत होतं.

मग मशीनने गॅस काढून वजन केला. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या मापापेक्षा शंभरएक ग्रॅम जास्त निघाला. गाडी नीट गार होत नाही म्हणून मधे कुणीतरी 'गॅस कमी आहे' सांगून वरून भरला होता. याचा मला मनापासून राग येतो. न मोजता गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने त्याच्याच इंजिनावर ओझं लादणं. त्यात आत गारवा पुरेसा होत नसल्याने कॉम्प्रेसर मधे विसावा न घेता सतत चालू राहत होता. पेट्रोल जात होतं ते इथे.

पंख्याची मोटर नवी बसवली, व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढून, स्टिकरप्रमाणे गॅस भरला. हाय साइड २२५ वर स्थिरावली. काकांना घेऊन केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूने घाटात निघालो, एसी चालूच. अवघड वळणाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी तक्रार न करता वर गेली. एसीचा भार जाणवत होता, तो जाणवणारच. पण काकांचा हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला आणि परत स्टिअरिंगवर आला.

"मग घाटात बंद करायचा की नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अगदी गरज पडली, पाय पूर्ण दाबला, तर गाडीचा कॉम्प्युटर कॉम्प्रेसर स्वतःच थोडा वेळ सोडतो. त्याहून महत्त्वाचं, उन्हातून गाडी काढताना आधी काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या, आणि आत गार झालं की बाहेरची हवा घेणं बंद करा.

पुढे त्यांचा फोन आला. एकाच पंपावर टाकी भरून मोजलं होतं, एसीसकट लिटरला १४.

एक काम मात्र राहिलंय. कंडेन्सरचा खालचा कोपरा किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने खाल्लाय, पट्ट्या बोट लावलं तर चुरा होतात. अजून गळत नाही, पण पावसाळ्यानंतर तो बदलावा लागेल. तसं मी त्यांच्या बिलावर लिहून दिलंय.