उशिराचा रकाना

सात वर्षं मी पगारपत्रकं केली. महिनाअखेरीला ठेकेदाराच्या माणसाकडून मस्टर यायचं आणि मी एक्सेलमध्ये भरत जायचे: हजर, गैरहजर, अर्धा दिवस, उचल, इतर कपात. हे काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? बेरीज जुळली की बरं वाटायचं.

साफसफाईला एक मावशी होत्या. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, मीसुद्धा. त्यांचं नाव बहुधा एकट्या मलाच ठाऊक होतं, कारण ते मस्टरवर होतं. एकदा त्या स्लिप घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मॅडम, दोन अर्धे दिवस कापलेत. मी तर रोज आले."

मी पाहिलं. एक दिवस बारा मिनिटं उशीर, एक दिवस सतरा. दहाच्या वर गेलं की अर्धा दिवस कापायचा, असा नियम होता. तसं सांगितलं त्यांना.

"बरं. आणि बुधवारी तुमची मीटिंग लांबली, तुम्ही सगळे गेल्यावर मी खोली आवरून सव्वा तासानं निघाले, ते कुठे धरलंय?"

ते कुठेच नव्हतं. मस्टरमध्ये येण्याची वेळ लिहायला रकाना होता, जाण्याची लिहायला नव्हताच. मी इतकी वर्षं ते मस्टर हाताळत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी फॉर्म्युले उघडून बसले. गैरहजेरी कापताना महिन्याच्या पगाराला 26 ने भागलेलं, कारण सुट्ट्या वगळून कामाचे दिवस 26. जादा दिवसाचे पैसे देताना मात्र 30 ने. एकाच बाईचा एकच दिवस, पण कापायचा असला की द्यायच्या दिवसापेक्षा 15 टक्क्यांनी महाग. हे कुणी गुपचूप केलेलं नव्हतं. माझ्याआधीच्या माणसानं केलं होतं, मी फाइल तशीच पुढे चालवली. ऑफिस स्टाफची शीट वेगळी असायची. तिच्यात उशिराचा रकानाच नव्हता. मी स्वतः आठवड्यातून दोनदा तरी वीस-वीस मिनिटं उशिरा पोचायचे.

मग एकेक दिसायला लागलं. पॅकिंगला पुरुष 'ऑपरेटर' आणि बायका 'हेल्पर'. मशीन तेच, पाळी तीच, रोल संपला की जो जवळ असेल तो बदलणार. फरक फक्त हुद्द्याच्या रकान्यात, आणि दर त्या रकान्यावरून ठरायचा. समान कामाला समान पगार आम्ही देतोच, असं वरचे लोक म्हणायचे. त्यांच्या कागदावर ती दोन वेगळी कामंच होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1951 च्या करारात 'समान मूल्याचं काम' असे शब्द आहेत, ते का, हे मला त्या शीटमुळे कळलं. नुसतं 'समान काम' म्हटलं असतं, तर नाव बदललं की सुटका.

त्याच संघटनेचा 1949 चा एक करार वेतनाच्या रक्षणाचा आहे. नोकरी मिळावी किंवा टिकावी म्हणून मजुराच्या वेतनातून मालकाला किंवा मध्यस्थाला पैसे कापून द्यायला त्यात मनाई आहे. आमच्याकडे 'इतर कपात' होती. ती कशाची, हे ठेकेदाराला विचारायचं नसतं, एवढं मला पहिल्याच महिन्यात सांगण्यात आलं होतं.

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सफाई कामगारांचा 1968 चा संप 'मी माणूस आहे' या फलकांमुळे आणि मार्टिन ल्यूथर किंग तिथे मारले गेले म्हणून लोकांना माहीत असतो. मला त्यातली हजेरीची गोष्ट मनाला लागते. संपाच्या थोडंच आधी पाऊस आला म्हणून काळ्या मजुरांना घरी पाठवलं आणि जेमतेम काही तासांचे पैसे दिले. गोऱ्या मुकादमांचा दिवस पूर्ण भरला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघं पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. त्या पावसाच्या दिवसाचाही हिशेब कुणीतरी टेबलावर बसून केलाच असेल. माझ्यासारखंच.

बाकीचं तर शीटवर येतच नाही. मावशी आमच्या मजल्यावरचं बाथरूम दिवसातून तीनदा धुवायच्या आणि स्वतःला जायचं झालं की दोन मजले उतरून गोडाउनपाशी जायच्या. लेखी नियम नव्हता. "त्यांना तिकडेच बरं वाटतं," असं एकीनं मला सांगितलं. मीही मान डोलावली होती.

मी साहेबांशी बोलले. "सिस्टिममध्ये तसंच आहे," ते म्हणाले. सिस्टिम म्हणजे मी आणि माझी एक्सेल. मग एका संध्याकाळी मागच्या अकरा महिन्यांचं मावशींचं गणित मी कागदावर मांडलं: कापलेले अर्धे दिवस, 26 आणि 30 मधला फरक, त्यांना आठवत होते तेवढे थांबलेले तास. खाली एकूण. दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं.

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. "मॅडम, हे ठेकेदाराला दाखवलं तर तो मला काढणार. यावर सही कुणाची?"

मी म्हटलं, "सही नाहीये."

"मग तुमच्याकडेच ठेवा," म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बादली उचलली. त्या महिन्याचं पगारपत्रक मी 26 नेच भागून पाठवलं.