नऊ घरांची वाळू

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ मी कॉलेजपासून खेळतोय. 2003 मध्ये डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला हा मुक्त स्रोत, पाळीपाळीने खेळायचा संगणकावरचा युद्धखेळ, सोबत नकाशे बनवायचा एडिटरही मिळतो. गेल्या उन्हाळ्यात दोघांसाठीचा एक नकाशा स्वतः करायचा ठरवलं. दोन टोकांना किल्ले, भोवती गावं आणि मध्ये ओसाड वाळूचा पट्टा, नऊ घरं रुंद (घर म्हणजे नकाशावरचा एक षटकोन). वाळू कशासाठी, याचा विचार केलाच नव्हता. मधली जागा भरायची होती, एवढंच.

चुलतभावाबरोबर तीन डाव खेळलो. तो ड्रेक घेतो, म्हणजे ड्रॅगनसारख्या प्राण्यांचं सैन्य; मी लॉयलिस्ट, म्हणजे माणसांचं. तिन्ही डाव मी हरलो, आणि तेही एकाच जागी, वाळूतून बाहेर पडताना. तिसऱ्या डावानंतर वही घेऊन बसलो.

भालाईताला एका फेरीत 5 चाली असतात. वाळूचं एक घर 2 चाली खातं, म्हणजे फेरीला दोनच घरं. वेस्नॉथचा दिवस सहा फेऱ्यांचा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माझी माणसं पहाटे वाळूत शिरायची ती रात्रीच पलीकडे निघायची. माणसं उजेडाची, रात्री त्यांचा मार 25 टक्क्यांनी कमी होतो. ड्रेकांसोबतचे सरडे अंधाराचे, त्यांचा तेवढाच वाढतो. शिवाय वाळूत माणसावर वार बसण्याची शक्यता 70 टक्के, सरड्यावर फक्त 40. सरड्याला वाळूचं घर एकाच चालीत ओलांडता येतं. गाव नाही, म्हणजे जखमा भरायलाही जागा नाही. पट्ट्याची रुंदी मी घरांत मोजत होतो, ती प्रहरांत मोजायला हवी होती!

मग रागारागाने सगळी वाळू पुसून गवत टाकलं. तो नकाशा सगळ्यात वाईट निघाला. चौथ्या फेरीलाच दोन्ही सैन्यं मधोमध भिडली आणि पुढे नुसती ढकलाढकली. कोणी कुठून जायचं, केव्हा थांबायचं, हा प्रश्नच उरला नाही. ओसाड जमीन काय काम करते ते मला तेव्हा कळलं. तिथे मिळत काहीच नाही, म्हणून तिथे शिरण्याचा निर्णय महाग असतो, आणि तिच्या काठावरची गावं आणि टेकड्या मोलाच्या ठरतात.

(1999 च्या ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3’ या दुसऱ्या खेळामध्ये वाळू कोणत्याच नगराची मायभूमी नाही. गवतावर जिथे चालीचे 100 गुण जातात तिथे वाळूवर 150, फरसबंद रस्त्यावर 50. तिथे वाळू एका पक्षाला झुकतं माप देत नाही, वेस्नॉथमध्ये देते. म्हणून इथे जास्त जपावं लागतं.)

पुन्हा वाळू टाकली, पण चारच घरं. पहाटे शिरलेला भालाईत आता दुपारी, उजेड असताना, पलीकडे पोचतो. मधोमध एक मरूद्यान ठेवलं: तिथे गावासारखेच जखमी सैनिकाचे जीवाचे 8 गुण भरून येतात, पण सोनं मिळत नाही. दक्षिणेकडून कोरड्या मातीची वाट वळवून नेली, लांबची पण घराला एकच चाल. दोन्ही काठांना टेकड्या दिल्या, कारण टेकडीवरच्या माणसावर निम्मेच वार बसतात आणि समोरचा वाळूत असतो.

मरूद्यानाची जागा ठरवायला सर्वात वेळ लागला. एक घर इकडे सरकवलं की ते सरड्यांचं ठाणं व्हायचं, एक घर तिकडे की माझंच.

पाचव्या आवृत्तीच्या डावात संध्याकाळ झाली तेव्हा माझे तीन भालाईत आणि एक घोडेस्वार काठावर होते. समोर मरूद्यान रिकामं दिसत होतं. मी फेऱ्या मोजल्या आणि सगळ्यांना मागे टेकड्यांवर नेलं. भाऊही आला नाही. त्या रात्रीच्या दोन्ही फेऱ्यांत मधल्या वाळूत एकही युनिट नव्हतं, आणि इतका ताणलेला डाव आम्ही दोघं आधी कधीच खेळलो नव्हतो.