बारा लाखांची टाळी

२०२५ च्या बजेटच्या दिवशी आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलतो. केसपेपरची रांग पार दारापर्यंत. पुढच्या पोराच्या मोबाईलवर बजेटचं भाषण चालू. बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही म्हटल्यावर तिकडं बाकं वाजली. इकडं राधानगरीकडची एक मावशी म्हणाली, "आमचं बारा हजारबी हुईत न्हाईत बघा."

संध्याकाळी आकडे चाळले. २०२५-२६ चा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यातले १२.७६ लाख कोटी नुसत्या व्याजात. आरोग्य मंत्रालयाला लाख कोटीबी पुरते नाहीत. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत आरोग्यावर जीडीपीच्या अडीच टक्के खर्च म्हटलेलं (केंद्र-राज्य मिळून, मान्य). रोजगार हमीला आधीच्या वर्षीएवढेच ८६,००० कोटी. महागाई काय थांबलीया?

आईच्या चारपैकी दोन गोळ्या बाहेरनं आणल्या. ३४० रुपये.