खोडलेला आकडा

इंदूरच्या बायपासला लागलं की मॅरेज गार्डनांच्या मधून मधून पत्र्याच्या लांबलचक शेड दिसतात. समोर काच, आत एसी आणि वर पाटी : फॅक्टरी आउटलेट. काचेवर लाल रंगात ‘७०%’ आणि त्याच्या खांद्यावर, मुंगीनं लिहावं तसं, ‘अपटू’. रविवारी दुपारी इथं गाडी लावायला जागा मिळत नाही. वरण-भात आटोपून, डुलकीवर पाणी सोडून अख्खी कुटुंबं येतात. आजीसुद्धा येते. तिला काही घ्यायचं नसतं. तिला एसी आवडतो.

मीही नेमानं जाणाऱ्यांतली. कपडे तर बघतेच, पण कपडे बघणारी माणसं बघण्यात जास्त वेळ जातो. दाराजवळच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसलेले नवरे, ट्रायल रूमबाहेर हातावर पाच-सहा जीन्स टाकून ताटकळलेली पोरं. बुटांच्या रॅकपाशी तर हमखास कुणीतरी भेटतो. जोडी हरवू नये म्हणून दोन्ही बूट दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले असतात. ते पायांत घालून हे गृहस्थ इंच इंच पावलं टाकत आरशापर्यंत जातात आणि तेवढ्या चालीवरून बूट चावतो की नाही ते ठरवतात.

पण खरी गंमत शर्टाच्या रॅकपाशी. हात आधी कापडाला जातच नाही, तो सरळ कॉलरच्या आत शिरतो आणि लेबल बाहेर काढतो. लेबलवर छापलेलं असतं २,९९९. त्यावर चिकटवलेलं १,४९९. त्यावर आणखी एक पिवळा स्टिकर, ९९९. मग अंगठ्याचं नख पिवळ्या स्टिकरच्या कोपऱ्याखाली जातं. अर्धा स्टिकर उचलला जातो, खालचा दिसतो, तोही उचलला जातो, आणि तळाशी तो मूळ आकडा सापडला की बाई हाक मारते, “अहो, इकडे या, २,९९९ चा आहे!”

नऊशे नव्याण्णवला आहे असं ती म्हणत नाही. ऐकू येतो तो खोडलेला आकडा. द्यायचे पैसे वेगळे, आणि घरी जाऊन सांगायचे पैसे वेगळे.

हा मूळ आकडा ठरवतो कोण? एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत. त्याहून जास्त घेता येत नाही, एवढंच कायद्याचं म्हणणं. ती ठरवतो माल बनवणारा. त्या किमतीला एक तरी शर्ट कुणी कधी विकत घेतला होता का, हे लेबल सांगत नाही. आउटलेटमध्ये मागच्या हंगामाचा न खपलेला माल असतो, मापांचा सेट तुटलेला असतो, कारखान्यात नापास झालेले सेकंडचे नग असतात. आणि त्यांच्याच खांद्याला खांदा लावून खास आउटलेटसाठीच शिवलेला मालही टांगलेला असतो, जो मोठ्या दुकानाच्या काचेत कधी लागलाच नव्हता. कापड अंमळ हलकं, गुंड्या साध्या, लेबल मात्र तेच. अशा शर्टावरचा खोडलेला आकडा हा खोडण्यासाठीच छापलेला असतो, असं माझं मत आहे. मत कळूनही मी जाते, हा भाग वेगळा.

सेकंडचा माल मला उलट प्रामाणिक वाटतो. एकदा एका कुर्त्याच्या बगलेखाली छोटा लाल बाण चिकटवलेला सापडला. तपासणाऱ्यानं दोष दाखवण्यासाठी लावलेला, काढायचा राहून गेलेला. बाणाच्या टोकाशी पाहिलं तर विणीतला एक धागा जरा जाडा, बस्स. तो बाण नसता तर मला जन्मात कळलं नसतं. कुर्ता मी घेतला, आणि तो अजून अंगात आहे.

माझ्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, या रामबागेतल्या. त्यांची सगळी खरेदी राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली. साड्या शीतलामाता बाजारातल्या. तिथला रिवाज ठरलेला. दुकानदार बाराशे म्हणणार, काकू पाचशे म्हणणार. तो म्हणणार, “माताजी, इतने में तो घर में नहीं पड़ता.” काकू पर्स बंद करून उठणार, पायरी उतरणार, दोन पावलं चालणार आणि मग मागून हाक येणार. त्या दोन पावलांत सगळी विद्या आहे. जास्त भरभर चाललं तर हाक ऐकू येत नाही, रेंगाळलं तर तो ओळखतो.

त्यांना हौसेनं बायपासला नेलं. एक गाऊन आवडला, ६९९ चा. काउंटरवरच्या मुलाला त्या सवयीनं म्हणाल्या, “भिया, ठीक-ठीक लगाओ.”

“आंटी, कंप्यूटर में यही रेट है.”

“तो कंप्यूटरवाले को बुलाओ.”

मुलगा हसला. काकू हसल्या नाहीत. मी म्हटलं, “काकू, अहो, आधीच अर्ध्याहून कमी झालाय. चौदाशेचा होता.”

“झाला असेल गं कमी. मी कुठे केला?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. राजवाड्यातल्या साडीवर उतरलेल्या प्रत्येक रुपयावर काकूंचं नाव असतं. इथं किंमत आपली आपणच उतरून बसलेली, कुणाचं कर्तृत्व नाही, दुकानदाराचा रडवेला चेहरा नाही. म्हणून मग माणसं स्टिकरखाली नखं घालतात, दुसऱ्या रॅकवर तोच शर्ट आणखी शंभरानं स्वस्त आहे का ते धुंडाळतात, दोनावर दोन मोफतसाठी ओळख ना पाळख अशा माणसाबरोबर भागी करतात. काहीतरी आपण केलं असं वाटायला हवं ना.

आणि फॅक्टरी म्हणायची तर कुठली? लेबलं वाचली तर तिरुपूर, बंगळुरू, बांगलादेश. हा प्रकार नावारूपाला आला तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, रेडिंग गावी, असं सांगतात. १९७० च्या सुमारास तिथल्या एका कपड्यांच्या कंपनीनं कारखान्याच्याच एका भागात आपला माल विकायला मांडला. म्हणजे तेव्हा फॅक्टरी खरोखर भिंतीपलीकडे होती. इंदूरला तर फॅक्टऱ्यांचा तोटा नव्हता. मालवा मिल, हुकूमचंद मिल, राजकुमार मिल. आजही रिक्षावाल्याला ‘मालवा मिल’ म्हटलं की तो चौकात सोडतो, मिल असो नसो. सासरे सांगायचे, थानाच्या काठावर मिलचा शिक्का बघूनच कापड घ्यायचं. हुकूमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या देण्याचा निकाल लागून २२४ कोटींचा धनादेश निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये, ४,८०० कामगारांसाठी. बत्तीस वर्षं. तोवर त्यातले कितीतरी गेले, धनादेश वारसांच्या वाट्याला आला. शहरात फॅक्टरी होती तेव्हा अशा पाट्या नव्हत्या. आता पाट्याच पाट्या आहेत.

काउंटरवरचे तंटेही ऐकण्यासारखे असतात. पिशवीचे दहा रुपये कशाचे, हा रोजचा. त्याहून वरचा, सूट दिलेल्या किमतीवर वेगळा कर लावल्याचा. एका दुकानात माझ्या पुढचे गृहस्थ यावर असे अडून बसले की रांग ट्रायल रूमपर्यंत गेली. मुद्दा त्यांचाच बरोबर होता. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, आणि सूट देऊन वर पुन्हा कर आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७ मध्येच, तेव्हाच्या व्हॅटबद्दल, म्हटलंय. पण मागे रांगेत उभं राहून मुद्दा बरोबर असलेल्या माणसाचाही राग येतो.

मापांचं सांगायचं तर, एम कधीच नसतो. एकतर पोराला होईल असा एक्सएस, नाहीतर दोघं मावतील असा थ्री एक्सएल. पोहे-जिलबीच्या या शहरात एम मापाची माणसं फारशी उरलेली नाहीत, तरी शर्ट तेवढे कोण उचलून नेतं कळत नाही. मग न बसणाराही घेतला जातो. कुणाचा तरी होईल. २,९९९ चा आहे, सोडायचा कसा?

हे कुणाच्या तरी होणारे कपडे आमच्या घरी आहेराच्या कपाटात जातात. प्रत्येक मराठी घरात असं एक कपाट असतं. तिथं ब्लाउजपीस, स्टीलचे डबे, न उघडलेली टॉवेलची जोडी असा ऐवज फिरतीवर निघण्याची वाट बघत असतो. आउटलेटमधला शर्ट तिथं ठेवण्याआधी एक संस्कार करावा लागतो. पिवळा स्टिकर केसांच्या ड्रायरनं जरा गरम करायचा, अलगद सोलायचा, त्याखालचाही सोलायचा, उरलेला गोंद खोबरेल तेलाच्या बोटानं पुसायचा, आणि २,९९९ तेवढं ठेवायचं. किमतीची चिठ्ठी काढायला ‘विसरलो’ असं दिसलं पाहिजे. शुभावहिनी, म्हणजे माझी मोठी जाऊ, यात तरबेज आहेत. तेल लेबलला लागू न देता त्या गोंद काढतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या वास्तुशांतीला ह्यांना एक शर्ट आला, टिळकनगरच्या नात्यातून. चांगला होता, बदामी रंगाचा. चिठ्ठीवर ३,४९९. वहिनींनी पाकिटातून चिठ्ठी ओढली, उजेडात धरली, अंगठा फिरवला.

“चिकट लागतंय,” त्या म्हणाल्या. “खोबरेल नाही वापरलं.”

शर्ट थ्री एक्सएल होता. वहिनींनी राहिलेला गोंद नीट काढला, पाकीट परत बंद केलं आणि वरच्या कप्प्यात ठेवलं. वैशाखात देवासला मुंज आहे, मुलाचे मामा अंगानं भरलेले आहेत.