सालाझारचा हुकूम आणि गोवा

फोंड्याहून मडगावला जाताना बोरीचा पूल लागला की मला हमखास आंतोनियु सालाझार आठवतो. कुइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा हा प्राध्यापक १९३२ साली पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत खुर्चीला चिकटून राहिला. दुसऱ्या महायुद्धात त्याने देश तटस्थ ठेवला, जर्मनीला टंगस्टन विकले आणि १९४३ मध्ये अझोर्स बेटांवरील तळ ब्रिटनला वापरू दिले. हुकूमशहा असला तरी त्याचे हे चातुर्य मान्य करावेच लागते. गोव्याच्या बाबतीत मात्र तो सावधपणा कुठे गेला, कोण जाणे! डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सीमेवर येऊन ठेपले असताना त्याने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना कळवले की शरणागती पत्करायची नाही, सैनिक एकतर जिंकतील किंवा मरतील. माघार घेताना पोर्तुगीजांनी बोरीचा तेव्हाचा पूल उडवला खरा, पण व्यर्थ रक्तपात टाळून सिल्वांनी १९ डिसेंबरला शरणागती दिली. लिस्बनने त्यांना पुढे सैन्यातून बडतर्फ केले, आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात आले, तेव्हा गोंयकारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.