गुंठ्याला एक ठिपका : आमची वाटचाल

2008 साली लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या करण्याचा निर्णय झाला आणि त्याच भरवशावर आम्ही बेळगावात, टिळकवाडीतील दहा बाय बाराच्या खोलीत, उपग्रहाच्या प्रतिमांवरून शेतीचे नकाशे करण्याचे काम सुरू केले. भांडवल म्हणजे एक संगणक, हातातला जीपीएस आणि भूमापन खात्यातून निवृत्त झालेले आमचे भागीदार अण्णा. लँडसॅटच्या प्रतिमेतील एका ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये, जवळपास नऊ गुंठे मावतात. आपल्याकडच्या वाटण्यांत तेवढ्या जागेत दोन भाऊबंद आणि वादाचा एक बांध येतो. त्यामुळे सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या दहा मीटरच्या ठिपक्यांच्या प्रतिमा, म्हणजे गुंठ्याला एक ठिपका, मिळू लागल्या तेव्हा अण्णांनी पेढे वाटले.

2018 च्या हंगामात एका साखर कारखान्याची ऊसनोंद तपासण्याचे काम घेतले आणि त्यात बुडता बुडता वाचलो. पावसाळ्यात ढगांतून जी एकच स्वच्छ प्रतिमा हाती लागली, तिच्यावर आम्ही विसंबलो. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा पट्टा प्रतिमेत लाल रंगात दाखवला की कोवळा ऊस आणि मका दोन्ही सारखेच लालभडक दिसतात. मका उसात मोजला गेला आणि बिल अडकले. बाहेरगावच्या एका स्पर्धकाने ‘यांना ऊस आणि मका ओळखता येत नाही’ असा गावोगाव गवगवा केला. वास्तविक त्यांच्या माणसांना कन्नड उतारा वाचता येत नसे आणि सर्व्हे नंबर ते आम्हालाच विचारीत. तरीही चूक आमची होती. मका दिवाळीच्या सुमारास निघतो, ऊस उभा राहतो. डिसेंबरची प्रतिमा शेजारी ठेवायला हवी होती.

दूधगंगेकाठच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन अप्पा मात्र आमच्याकडेच राहिले. ऑगस्ट 2019 च्या महापुरात त्यांनी बुडीत उसाचा नकाशा मागितला. सेंटिनेल-1 या उपग्रहाचे रडार ढगांपार पाहते आणि मोकळे पाणी काळे दाखवते, कारण सपाट पाण्यावरून रडारच्या लहरी परत न येता पुढे निघून जातात; उंच उसाच्या बुडाशी साचलेले पाणी मात्र तसे काळे उमटेलच असे नाही. आमच्या नकाशात खुद्द अप्पांचा फड कोरडा होता. त्यांनी काही न बोलता लाल पेन्सिल मागून घेतली आणि पाणी ओसरल्यावर आम्हाला जीपीएससह फडात नेऊन पानांवरची कमरेएवढी गाळाची रेघ दाखवली. या धंद्यात येणाऱ्या मुलांनी सॉफ्टवेअरआधी बांधावर चालायला शिकावे, हे कोणी विचारले नसतानाही सांगतो.

लाल रेघांचा तो नकाशा कचेरीत लावलेला आहे. कारखान्याकडील निम्मे बिल मात्र अजून यायचे आहे.